दुसरबीड ते सोनाळा : पुढे आम्ही, मागे डबा

परत येऊन तीन आठवडे झाले. जो तो विचारतो, ‘काका, कसा झाला प्रवास?’ आणि मी म्हणतो, ‘झाला.’ गाडीमागे झोपायचा डबा जोडून हिंडायचं म्हटल्यावर लोकांना उत्सुकता असणारच, त्यात आमच्या साताऱ्यात कुणी तसलं काही केलेलं नाही. पण खरं सांगायची लाज वाटत होती. आता लिहूनच टाकतो. ज्याला जायचंय त्याने आधी हे वाचावं.

मी मूळचा दुसरबीडचा, बुलढाणा जिल्ह्यातला. नोकरी साताऱ्याकडे लागली आणि तिकडचाच झालो. तीस वर्षं एसटीची लाल गाडी चालवली. खंबाटकी, पसरणी, आंबेनळी, सगळे घाट तोंडपाठ, आणि एकही अपघात नाही. हे वाक्य मी दिवसातून एकदा तरी म्हणतो, असा आमच्या शोभाचा आरोप आहे. शोभा म्हणजे माझी बायको. ती शिक्षिका होती, निवृत्त झाल्यावर गाडी शिकली आणि तिनेच ही छोटी एसयूव्ही घेतली. ती चालवते तेव्हा मी शेजारी बसून ब्रेक दाबतो. माझ्या पायाखाली ब्रेक नसतो, तरी दाबतो.

दुसरबीडला माझी थोरली बहीण असते, आक्का. चार वर्षांपूर्वी गच्चीवर मिरच्या वाळत घालताना पडली आणि मणका गेला. ऑपरेशन झालं, चालते, पण अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही. मग सपाट आडवं व्हावंच लागतं. तिची एकुलती एक लेक संगीता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पार सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनाळ्याला दिलेली. तिथे संगीतानं घर बांधलं. गृहप्रवेश रविवारी, दुपारी चारला बुद्धवंदना. आक्का फोनवर मला म्हणाली, “मेले तरी चालंल, पण पोरीचं घर पाहून मरते.” असं म्हटल्यावर भावाने काय करायचं?

म्हणून हा डबा. साखरखेर्ड्याच्या रशीदभाईंनी तो बनवला. त्यांचं काम ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं, पण हात सोन्याचा. आत एक पलंग, चहापुरता ओटा, पुढच्या नाकाशी पाण्याची टाकी आणि मागे एकच दार. आमची गाडी किती वजन ओढू शकते ते तिच्या पुस्तकात वाचून, त्याच्या बरंच खाली त्यांनी डब्याचं वजन ठेवलं. आरटीओचे कागदही झाले. ठरलं ते असं : आक्काने गाडीत पुढच्या सीटवर बसायचं, दर अर्ध्या तासाने थांबायचं, तिने डब्यात जाऊन आडवं व्हायचं, पाठ मोकळी झाली की पुढे निघायचं.

डबा ताब्यात देताना रशीदभाईंनी एक गंमत केली. धान्याचा काटा आणला, डब्याचं नाक त्यावर टेकवलं आणि वजन बघितलं. मग मला म्हणाले, “भाऊ, हे नाक जड पाह्यजे. टाकी म्या काऊन समोर ठेवली? त्याच्यासाठीच. पानी भरेल ठेवा. सामान चाकाच्या पुढं भरा. शेपटीत वजन गेलं का डब्बा शेपूट हालवते, मंग गाडी डब्ब्याच्या मागं जाते. पन्नासच्या वर जायचं नाही. हाललाच तर ब्रेक दाबू नका, स्टेरिंग सरळ धरा, पाय उचला. अन् चालत्या डब्ब्यात मानूस नाही. मानूस काय, कोंबडीबी नाही.”

मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, ट्रॉली बनवणारा मला गाडी शिकवतोय! शोभा मात्र वही काढून लिहून घेत होती. वर मी चहाला बसलो तेवढ्यात शाळेच्या मैदानावर त्यांच्याकडून डबा मागे घ्यायलाही शिकली. मी लांबून हसत होतो.

दुसरबीड

शनिवारी सकाळी आठला निघायचं होतं. साडेनऊपर्यंत आम्ही दारातच. कारण आळीतल्या प्रत्येक घरातून काहीतरी येत होतं. आमच्याकडे साताऱ्यात लेकीच्या घरी जायचं तर नारळ, साडीचोळी, फार तर लाडवांचा डबा. इथं पोतं देतात. लेकीच्या नव्या घरी आई निघाली आणि रिकामी निघाली, हे आळीला चालत नाही. तुरीच्या डाळीचं पोतं आलं, ज्वारीचं आलं, दोन डांगरं आली, लोणच्याच्या बरण्या आल्या. शेवटी समोरच्या जिजाबाईंच्या मुलांनी दोघांत मिळून पाटा-वरवंटा आणला. “नव्या घराला पाटा पाहिजेच ना, मामा.” हे सगळं दारातून आत गेलं आणि दाराशीच राहिलं. दार मागे, म्हणजे सामानही मागे.

“अहो, हे पुढे सरकवायला हवं,” शोभा म्हणाली.

“पुढे पलंग आहे. आक्काने चढायचं कुठून? पोत्यांवरून?”

“मग पाटा तरी गाडीत घेऊ.”

“शोभा, साठ माणसं आणि टपावर त्यांची बोचकी घेऊन मी घाट चढलोय. दोन पोत्यांनी काय होतंय!”

आक्काने तेवढ्यात डब्यात पाय टाकलाच होता. “मी इथंच पडते की रे. ट्रॉलीत अख्खं वऱ्हाड जातं लग्नाला, मग हिच्यात काहून नाही?” मला तिचं पटत होतं, हेही कबूल करतो. पण शोभाने तिला धरून गाडीत आणून बसवलं, पाठीला उशी लावली, आणि आम्ही एकदाचे निघालो. आळी ‘जयभीम, जयभीम’ करत कोपऱ्यापर्यंत आली.

चिखलीच्या वाटेवर

तो दिवस चांगला गेला. सांगायलाच हवं, कारण पुढे चांगलं फारसं नाही.

थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना हरभरा, तुरी कापून रचलेल्या. दर अर्ध्या तासाने मी कडेला गाडी घ्यायचो, शोभा दार उघडायची, आक्का आडवी व्हायची. दार उघडं ठेवलं की तिला पडल्या पडल्या शेत दिसायचं. साखरखेर्ड्याच्या पुढे एका निंबाखाली ती म्हणाली, “चार वर्षं नुसतं पत्र्याकडं बघून काढली. आज पाह्य कसं मोकळं वाटू लागलं.” मग आम्ही भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी खाल्ली. ठेचा इतका झणझणीत की माझ्या साताऱ्याच्या जिभेची पार दाणादाण उडाली. आक्का पडल्या पडल्या हसली.

डबा थांबला की माणसं जमायची. एकाला वाटलं आम्ही आइस्क्रीम विकतो. एक धोतरातले आजोबा आले, डबा सगळीकडून न्याहाळला आणि चष्मा काढून माझ्यासमोर उभे राहिले.

“डोये तपासता का?”

“नाही हो बाबा, हा आमचा झोपायचा डबा आहे.”

“झोपाचा?” ते शोभाकडे बघून म्हणाले, “घर नाही का तुमाले?”

चिखलीत मात्र माझी शोभा झाली. बाजारात चुकून अरुंद रस्त्याला शिरलो, समोरून सोयाबीनचे ट्रॅक्टर. मागे घ्यायला गेलो तर डबा भलतीकडे वळला. बसचं मागे घेणं वेगळं आणि हे वेगळं, इकडे स्टेरिंग फिरवावं तर तो तिकडे जातो. तिसऱ्या खेपेला गाडी आणि डबा काटकोनात अडकले. हॉर्न, शिव्या, सल्ले. शोभा हळूच म्हणाली, “मी बघू का?” मी म्हणालो, “तू गप्प बस.” शेवटी चार दुकानदारांनी डबा गाडीपासून सोडवला आणि हाताने ढकलून वळवून दिला. तेव्हा मी घामाघूम होतो, आणि शेपटाकडचे दोघे म्हणत होते, “इकून लय भारी हाय बे!” ते मी ऐकलं. ऐकून सोडून दिलं.

या घोळात आक्का सलग सव्वा तास बसून राहिली होती. तोंडातून शब्द काढला नाही, पण बुलढाण्याला शोभाच्या मैत्रिणीच्या अंगणात मुक्कामाला पोचलो तेव्हा तिला दोघांनी धरून उतरवावं लागलं.

बुलढाणा

रविवारी सकाळी आक्काला उठवेना. गोळी घेतली, शेक दिला, कशीबशी उभी राहिली. गाडीत बसवली तर पाच मिनिटांत कपाळावर घाम. दात ओठावर रोवलेले. “चल तू, चल,” म्हणते, आणि डोळ्यांतून पाणी. बुलढाणं वर डोंगरावर आहे. पुढे राजूर घाट उतरायचा, मग मोताळा, नांदुरा, पूर्णा ओलांडायची, जळगाव जामोद, मग सोनाळा. चारला वंदना. आणि इथे हिला पाच मिनिटं बसवत नाही.

मी काय केलं ते आता क्रमाने सांगतो.

पहिलं, टाकीतलं पाणी काढून टाकलं. सगळं. घाट उतरायचा, मागून ढकलणारा भार जितका कमी तितकं बरं, हे माझं लाल गाडीचं गणित. मैत्रिणीच्या अंगणातल्या पेरूला पाणी मिळालं. मैत्रिणीने दिलेली गव्हाची अर्धी गोणी मात्र नको म्हणता आली नाही. ती दाराशी ठेवली.

दुसरं, मी आक्काला म्हणालो, “चल, डब्यात आडवी हो. मी हळू नेतो.”

शोभा दारात आडवी उभी राहिली. “रशीदभाईंनी काय सांगितलं होतं?”

“रशीदभाई किती घाट उतरलेत?”

“तुम्ही डबा लावून किती उतरलात?”

“तीस वर्षं, शोभा! तीस वर्षांत साधा आरसा फुटलेला नाही माझ्या गाडीचा. तू मला शिकवू नको.” मैत्रीण, तिचा नवरा, सगळ्यांसमोर हे ओरडून बोललो. शोभाचा चेहरा उतरला. आक्काच मध्ये पडली, “शोभा, जाऊ दे गं. माझ्याच्यानं बसवतच नाही. त्याच्या हातात गाडी असली का मला काळजी नसती.”

शोभाने मग एकच केलं. आपल्या फोनवरून आक्काचा फोन लावला, आक्काचा चालू करून तिच्या हातात दिला आणि आपला गाडीत पुढे ठेवला, स्पीकरवर. “बोलत राहा आक्का,” म्हणाली. मला वाटलं, काय हा बायकांचा भित्रेपणा.

राजूर घाट

वरची वळणं मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. चोख. शोभा फोनशी बोलत होती. “आक्का, बरं वाटतंय ना?” “हो गं. आता ठीक हाय. झाडं चाललीत खिडकीतून.” मी शोभाकडे बघितलं, बघ म्हटलं. ती समोर बघत होती.

मग एक सरळ उतार आला. मोकळा, लांबलचक, समोर कुणी नाही. चार वाजता वंदना, घड्याळात पावणेअकरा. मी तिसरा टाकला आणि गाडी सोडली. काटा पन्नास ओलांडून गेला. पंचावन्न. साठला टेकत आला.

समोरून ट्रक आला आणि सूं करून शेजारून गेला. त्याच्या वाऱ्याने डब्याला धक्का बसला. तेवढंच. आरशात डब्याची डावी बाजू दिसली. मग उजवी. मग पुन्हा डावी, आधीपेक्षा जास्त. गाडीचं शेपूट कुणीतरी धरून हिसकावतंय असं ढुंगणाखाली जाणवलं.

फोनमधून आक्का म्हणाली, “काहून रे, हालू लागलं लय.” आणि मागे काहीतरी धाडकन पडलं. “शोभे!” असा आवाज आला, आणि फोन बंद. घाटात रेंज गेली होती, हे नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच कळलं की आवाज बंद झाला.

मी ब्रेक दाबला. तीस वर्षांचा पाय, तो दाबणारच. डबा डावीकडे असा फेकला गेला की गाडीचं तोंड दरीच्या कठड्याकडे वळलं. मी स्टेरिंग उलटं फिरवलं, तर सगळं उलट्या बाजूला गेलं, आणखी जोरात. तोंडचं पाणी पळालं.

“पाय उचला!” शोभा ओरडली. “ब्रेक सोडा! स्टेरिंग सरळ धरा, फिरवू नका!”

मी तिचं ऐकलं. ऐकलं म्हणजे काय, माझं स्वतःचं काही उरलंच नव्हतं. पाय उचलला, स्टेरिंग दोन्ही हातांनी सरळ आवळून धरलं. गिअर तिसरा होता म्हणून इंजिनने गाडी ओढून धरली. डबा डोलतच होता, डावीकडे, उजवीकडे, पण दरवेळी थोडा कमी. कठडा अगदी हातभर अंतरावरून गेला. मग चढावाकडे झुकणारं वळण आलं, वेग आपोआप उतरला आणि कडेच्या मोकळ्या जागेत मी गाडी उभी केली. किती वेळ लागला असेल? दहा सेकंद? मला अजून नीट सांगता येत नाही.

शोभा दार उघडून धावली होती. मी मागे गेलो तेव्हा ती कडी ओढत होती. कडी फिरेना. आतून पोती दारावर रेलून बसली होती आणि त्यांच्या भाराने कडी आवळली होती.

“आक्का! आक्का!”

आतून काही नाही.

मी दारावर लाथा मारल्या. खिडकी फोडायला दगड उचलला. आक्का कुठे पडली असेल ठाऊक नव्हतं, काच तिच्याच अंगावर जायची, म्हणून शोभाने हात धरला. त्या वेळी मी काय काय बोलत होतो ते शोभाने मला नंतरही सांगितलेलं नाही. घाट चढणारा कापसाचा एक ट्रॅक्टर थांबला. डोक्याला मफलर बांधलेला माणूस खाली उतरला, लोखंडी टामी घेऊन आला.

“आत मानूस हाय?”

“बहीण आहे.”

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. मग टामी फटीत घालून जोर लावला. कडी तुटली, दार आपटून उघडलं आणि तुरीची डाळ रस्त्यावर धो धो सांडली. पोती आम्ही ओढून काढली. आत उशीवर वरवंटा पडलेला होता. बरोबर उशीच्या मध्यावर, जिथे तिचं डोकं असायचं.

आक्का उशीवर नव्हती. पहिल्याच हिसक्याला ती पलंगावरून खाली घसरली होती आणि पलंग आणि ओट्याच्या मधल्या चिंचोळ्या जागेत अडकून बसली होती, दोन्ही हातांनी पलंगाचा पाय धरून. डोळे उघडे. ओठ हलत होते, आवाज नव्हता. आम्ही तिला बाहेर काढून गोधडीवर निजवलं. मी तिच्या पायाशी बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

“शोभा,” ती म्हणाली, “पाणी दे गं.”

शोभा ओट्याकडे गेली. नळ उघडला. टाकी कोरडी. मग ट्रॅक्टरवाल्याने आपल्या कॅनमधलं पाणी तिच्या तोंडात घातलं, आणि मी तिथेच, भर रस्त्यावर, रडलो.

ट्रॅक्टरवाला थांबून राहिला. चाकांना दगड लावले आणि डबा गाडीपासून सोडवला, तर हूक सुटल्याबरोबर डब्याचं नाक आपणहून वर गेलं आणि शेपूट जमिनीला टेकलं. “पाह्यलं?” तो म्हणाला. “नाक हवेत. असा डब्बा गाडीले लावतेत का बे?” ‘बे’ म्हणाला मला, आणि बरोबरच म्हणाला. त्यानेच पोती पुढे पलंगावर रचून दिली, पाटा चाकाच्या पुढे आडवा ठेवला, वरवंटा गाडीत टाकला, दार दोरीने बांधलं.

आक्का पुढच्या सीटवर. सीट जितकी मागे पडते तितकी पाडून, उशा आणि गोधड्यांचा उतार करून. हे काल का सुचलं नाही कुणास ठाऊक. पट्टा लावला. मी काटा तीसवर ठेवून गाडी नेली. मोताळ्याला एका डॉक्टरांनी तपासलं, मनगट सुजलंय, हाड शाबूत आहे म्हणाले, आणि पाठीला पट्टा बांधून दिला. पुढे दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबलो. नांदुऱ्याच्या कचोऱ्या, पूर्णेचा पूल, जळगाव जामोदच्या वाटेवरचं भरीत, या सगळ्यावर मी एरवी चार पानं लिहिली असती. मी काही पाहिलं नाही. आरशातून डबा बघत होतो, आणि बाजूला आक्काचा चेहरा. ती टक्क जागी होती, समोर रस्त्यावर नजर लावून.

सोनाळा

आम्ही साडेपाचला पोचलो. वंदना थांबवून ठेवली होती. समोर सातपुडा, त्याच्या पायथ्याला गाव, गावाच्या कडेला संगीताचं घर. आक्काने सगळ्यांचे हात बाजूला केले, एकटीने पायरी चढली, उंबऱ्यात उभी राहिली आणि भिंतीवरून तळहात फिरवला. मग म्हणाली, “गिलावा चांगला केला गं, पोरी.” संगीता ओक्साबोक्शी रडायला लागली. तिला वाटलं, आई नुसती प्रवासाने थकलीय.

वंदना झाली, जेवणं बसली. जावई माझ्या शेजारी. चार पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “हे आमचे मामा. तीस वर्षं लाल गाडी चालवली, एकबी एक्सिडेंट नाही. म्हणून तर आत्याबाईले एवढ्या लांबून आनू शकले.”

समोर आक्का आडवी पडली होती. तिने डोळे मिटून घेतले. ती बोलणार नव्हती, हे मला कळलं. जन्मभर बोलली नसती.

“झाला,” मी म्हणालो. “आज सकाळी. राजूर घाटात. आक्का डब्यात होती. मीच बसवली होती, शोभा नको म्हणत असताना.”

संगीता वाढता वाढता थांबली. “मामा, मले फोन काऊन नाही केला? माय मेली असती तर बी असंच जेवायले बसले असते का तुमी?” एवढं म्हणून तिने वाढपाची कढई खाली ठेवली आणि आईपाशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिने शेतात गोवऱ्यांवर रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. मला ताट वाढलं, बोलली नाही. रोडगे तुपात कुस्करून खायचे असतात, ते मी कोरडेच खाल्ले.

रशीदभाईंना मी स्वतः फोन लावला. सगळं सांगितलं.

“टाकीत पानी होतं?”

“नव्हतं.”

“अन् मानूस?”

“होतं.”

“भाऊ,” ते म्हणाले, “तुमच्या बहिनीसाठी बनवला होता म्या तो.” आणि फोन ठेवला.

परत

पाचव्या दिवशी निघालो. आक्काची पाठ सोनाळ्यात बरी झाली होती, घर डोळे भरून पाहून झालं होतं. जाताना संगीता बोलली, ‘मामा, जपून,’ एवढंच. पोती तिने ठेवून घेतली आणि परतीला दुसरी पोती आणली. लेकीकडून आई रिकामी गेली, हे सोनाळ्यालाही चालत नाही. पण या वेळी शोभाने गावातल्या किराणा दुकानातून काटा मागवला, नाकाचं वजन केलं, पोती चाकाच्या पुढे बांधून घातली, पुन्हा वजन केलं आणि टाकी भरली. इकडचं पाणी खारं. “खारं असलं म्हणून हलकं नसतं,” ती म्हणाली.

मी चालकाच्या दाराशी उभा होतो, चावी माझ्या हातात. आक्का काठी टेकत आली, पुढच्या सीटशी थांबली.

“चावी शोभाकडं दे.”

रागाने नाही म्हणाली. भाकरी दे म्हणावं तसं म्हणाली. मी चावी दिली आणि मागच्या सीटवर बसलो. तिथे बसायला मला अवघड गेलं, खोटं कशाला बोलू? गुडघे दुखत होते, रस्ता नीट दिसत नव्हता, शोभा गिअर बदलायची तेव्हा माझा पाय आपोआप दाबला जायचा. तोंडावर चार वेळा आलं, ‘अगं, आता दुसरा टाक,’ आणि चारही वेळा गिळलं.

राजूर घाट शोभा दुसऱ्या गिअरमध्ये चढली. मागे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. ती कडेला घ्यायची, त्यांना जाऊ द्यायची, पुन्हा निघायची. अर्ध्या घाटात मला एक बारीक आवाज ऐकू आला. पहिल्यांदा वाटलं, डब्याचं काही वाजतंय. पुढे वाकून बघितलं. आक्काची मान उशीवर कलली होती, तोंड जरासं उघडं, आणि ती घोरत होती.

शोभाने आरशातून माझ्याकडे बघितलं.

दिवाळीला, भाऊबीजेला, लग्नांना, दवाखान्याला, एवढ्या वर्षांत आक्का माझ्या गाडीत शेकडो वेळा बसली असेल. पहाटे निघालो तरी, दिवसभर चाललो तरी, ती कधी एकदाही झोपली नव्हती. मला वाटायचं, तिला खिडकीतून बघायला आवडतं.